थंड हवेच्या ठिकाणीं घर घेण्यापूर्वीं

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे शहरांतल्या माणसाचें मन डोंगराकडे धांव घेतें. मुलांच्या परीक्षा आटोपतात, सामान गाडींत भरलें जातें आणि महाबळेश्वर, पांचगणी किंवा माथेरान येथें चार दिवस सुखाचे जातात. पहांटेचा गार वारा, वेण्णा तलावांतील होड्या, कड्याच्या टोंकावरून दिसणारा कोंकणचा मुलूख, या सर्वांनीं चित्त प्रसन्न झालेलें असतें, आणि परतीच्या वाटेवर घाट उतरतां उतरतां कोणी तरी म्हणतें, “दर वर्षीं हॉटेलवाल्याचें बिल भरण्यापेक्षां येथें आपलेंच लहानसें घर असतें तर?” हें वाक्य प्रथम निघतें तें सहज, पण घरीं पोंचेपर्यंत त्याचा बेत होतो, आणि कित्येक कुटुंबांत दिवाळीच्या आंत विसाराची रक्कमहि दिली जाते. शहरांत राहतें घर घेतांना आपण सहा महिने चौकशी करतों. डोंगरावरचें हौशीचें घर मात्र चार दिवसांच्या मुक्कामांत ठरतें, हें नवल नव्हे काय?

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महाड-पोलादपूरच्या टापूंत, म्हणजे महाबळेश्वराच्या अगदीं पायथ्याशीं गेलें आहे. पोलादपुराहून अंबेनळी घाटानें, प्रतापगडाच्या बाजूनें वर चढलें कीं सुमारें चाळीस किलोमीटरांवर महाबळेश्वर. या घाटांतून वर्षांत दोन प्रवाह वाहतांना आम्हां पायथ्याच्या लोकांस दिसतात. एक उन्हाळ्यांतला, खालून वर जाणारा, तो मोटारींचा. दुसरा पावसाळ्यांतला, वरून खालीं येणारा, तो पाण्याचा. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते आणि पोलादपूर, महाड या गांवांवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. त्यामुळें वर काय पडलें याची बातमी आम्हांस वर्तमानपत्रापूर्वीं नदीच सांगते. घर घेणारा मनुष्य पहिला प्रवाह पाहून घर घेतो. तें घर टिकणार कीं नाहीं, हें मात्र दुसरा प्रवाह ठरवितो. आजच्या लेखांतील सर्व सांगणें या एका वाक्याचा विस्तार आहे.

हा विषय घेण्यास निमित्त एका वाचकांच्या पत्राचें झालें. कुटुंब एकत्र, तिघे भाऊ, त्यांच्या गृहिणी, मुलें आणि वृद्ध मातोश्री. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणांत वडिलोपार्जित जमिनीचा कांहीं भाग गेला आणि त्याचा मोबदला हातीं आला. धाकट्या दोघां बंधूंचा आग्रह असा कीं, महाबळेश्वराच्या वाटेवर एक बंगल्यांची योजना निघाली आहे, तेथें जागा घ्यावी. उन्हाळ्यांत सर्वांस उपयोग होईल आणि एरवीं भाड्यानें देतां येईल. थोरले बंधु साशंक आहेत. मातोश्रींचें म्हणणें एवढेंच कीं, “एकदां जमीन गेली, आतां तिचे पैसेहि जाऊं नयेत.” पत्राच्या शेवटीं प्रश्न आहे, घ्यावें कीं न घ्यावें? याचें उत्तर एका शब्दांत देणें अन्यायाचें होईल. आणि हाच प्रश्न आज अनेक घरांत चालूं असल्यामुळें तो सविस्तर विचारांत घेतों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, महाबळेश्वर हें हवाशीर ठिकाण म्हणून वसलें तें मुळांतच एका ऋतूपुरतें. १८२९ च्या सुमारास, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, येथें गोऱ्या अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि तिला माल्कमपेठ हें नांव पडलें. उन्हाळ्यांत मुंबई सरकारचा मुक्काम येथें असे आणि पाऊस लागण्यापूर्वीं तो खालीं उतरे. ज्यांनीं हें ठिकाण नांवारूपास आणलें त्यांनींच तेथें पावसाळा काढण्याचें टाळलें, ही गोष्ट बोलकी आहे. पाहुण्यास ठिकाणाचा उत्तम ऋतु मिळतो. मालकास बाराहि महिने मिळतात. पाहुण्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें घर मालकाच्या पैशानें घेणें, येथेंच बहुतेकांचा घोटाळा होतो.

आतां तो पाऊस म्हणजे काय, हें आंकड्यांनीं पाहूं. महाबळेश्वरीं वर्षास सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्यास वर्षाकाठीं सातशें-साडेसातशें मिलिमीटर पडतो. म्हणजे पुण्यास सात वर्षांत मिळणारें पाणी येथें एका पावसाळ्यांत कोसळतें. २३ जुलै २०२१ च्या सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत तर महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग एका दिवसांत! पांचगणी तेथून अवघी वीसएक किलोमीटर पूर्वेस. पण तेथें पाऊस महाबळेश्वराच्या निम्म्याहूनहि कमी. घाटमाथ्यावर वीस किलोमीटरांत हवा एवढी पालटते; म्हणून “सगळें एकच आहे” या विक्रेत्याच्या बोलण्यावर कोणीं जाऊं नये.

एवढ्या पावसांत घराचें काय होतें, हें कोंकणांतील कोणतीहि गृहिणी सांगूं शकेल. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींवर झड आपटत राहते. जांभा दगड पाणी पितो; गिलावा न केलेली तांबडी भिंत चित्रांत सुंदर दिसते, पण तिच्यावर पुरेसें पुढें आलेलें छप्पर नसेल तर आंतल्या बाजूस ओल उतरते. आमच्याकडे पूर्वीं पडवीच्या बाहेर झापें बांधीत, तीं शोभेसाठीं नव्हेत. अलीकडे स्लॅबचीं घरें झालीं. परंतु आपण घाटानें जातां-येतां पाहाल तर निम्म्या स्लॅबांवर मागाहून पत्र्याचें छप्पर चढविलेलें दिसेल. त्या पत्र्यानें जें सांगितलें आहे तें कोणतेंहि माहितीपत्रक सांगणार नाहीं. चार महिने बंद राहिलेल्या घरांत गाद्यांस बुरशी येते, लांकडास वाळवी लागते, लोखंड गंजतें, दारें फुगतात. दिवाळींत कुलूप उघडणारा मनुष्य विश्रांतीसाठीं जातो आणि चार दिवस साफसफाई करून परततो.

म्हणून पहिला नियम असा : जें घर वैशाखांत आवडलें तें आषाढांत पुन्हां पाहावें. नुसतें पाहूं नये, तर त्याच वस्तींत आठ दिवस भाड्यानें राहावें. वीज किती वेळ जाते, धुक्यांत रस्ता किती वेळ दिसत नाहीं, किराणा व दूध कोठून येतें, रात्रीं कोणी आजारी पडल्यास डॉक्टर कोठें मिळतो, हें त्या आठ दिवसांत कळेल. मोठ्या दुखण्यास सातारा किंवा पुणें गांठावें लागतें, आणि पुणें सुमारें एकशें वीस किलोमीटर आहे. ज्या घरांत सत्तरी उलटलेलीं माणसें आहेत त्यांनीं हा हिशेब सर्वांत आधीं करावा. घाटरस्त्याचा भरंवसा किती धरावा हेंहि विचारांत घ्यावें. जुलै २०२१ च्या पावसांत अंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणीं तुटला आणि पोलादपूर-महाबळेश्वर ही रोजची वाहतूक कित्येक आठवडे बंद राहिली.

दुसरी गोष्ट जमिनीची. येथें मन घट्ट करून कांहीं वर्षें आठवावीं लागतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते येथें दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं त्याच तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगराचा कडा आला आणि ऐंशींहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. त्याच वेळीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि दरडींनीं बळी घेतले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडी गाडली गेली. हीं गांवें कोणीं हौसेनें वसविलेलीं नव्हतीं. तेथें लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. जेथें पिढ्यांचा अनुभव अपुरा पडला तेथें रंगीत चित्रांवर भरंवसा ठेवून जागा घेणें शहाणपणाचें नाहीं.

दरड कां येते, तें साध्या भाषेंत सांगतों. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ टणक आहे. पण त्याच्या वर झिजून मऊ झालेल्या दगडाचा व मातीचा थर असतो. सतत पावसानें हा थर पाणी पिऊन जड होतो आणि त्याच वेळीं त्याची खालच्या कातळावरील पकड सैल पडते. झाडांचीं मुळें त्यास धरून ठेवतात, आणि उताराचा पायथा त्यास खालून टेका देतो. बंगल्यासाठीं सपाटी करावयाची म्हणजे नेमकीं हींच दोन बंधनें तोडलीं जातात : झाडें जातात आणि उताराचा पाय कापला जातो. निघालेली माती पुढें लोटून भराव होतो. मग अर्धें घर कापलेल्या डोंगरावर आणि अर्धें कच्च्या भरावावर उभें राहतें. दरीचा देखावा दिसावा म्हणून ज्या टोंकावर घर हवें असतें, तेथेंच बहुधा हा भराव असतो.

जागा पाहतांना म्हणून देखाव्याकडे पाठ करावी आणि प्रथम मागच्या डोंगराकडे पाहावें. वर ताजा कापलेला चढ आहे काय? झाडांचे बुंधे खालीं कलून पुन्हां वर वळले आहेत काय? जमिनीस लांब भेगा आहेत काय? पावसाळ्यांत नवे झरे फुटतात काय, अथवा जुन्या झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें काय? ओढ्याची नैसर्गिक वाट बुजवून त्यावर रस्ता किंवा कुंपण घातलें आहे काय? पावसाळ्यांत कोरड्या ओढ्यास आपली वाट आठवते, आणि ती तो परत घेतो. शेवटीं शेजारच्या वाडींतील एखाद्या वृद्धास विचारावें कीं, येथें पूर्वीं घर कां नव्हतें? या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पुढें जाऊं नये. मोठी रक्कम गुंतवावयाची असेल तर भूगर्भशास्त्र जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून जागेची तपासणी करवून घ्यावी; तिचा खर्च घराच्या किंमतीपुढें क्षुल्लक आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. जेथें एवढा पाऊस, तेथें पाण्याची चिंता ती कसली? परंतु पोलादपूर व महाड तालुक्यांतील उंचावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें सत्य आहे. उतारावर पडलेलें पाणी थांबत नाहीं. तें धांवत समुद्रास मिळतें. जांभ्याच्या पठारांत कांहीं पाणी मुरतें आणि झऱ्यांच्या रूपानें हळूहळू निघतें. पण झऱ्यांचें तें देणें मर्यादित आहे आणि त्यावर गांवाचा प्रथम अधिकार आहे. ज्या महिन्यांत पाहुण्यांची गर्दी सर्वांत अधिक त्याच महिन्यांत झरा सर्वांत बारीक असतो. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहिता रचिली तिच्यांत भूमिगत पाणी शोधण्यावर दकार्गल नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. वास्तूचा विचार करणाऱ्या पूर्वजांनीं पाण्याचा विचार वेगळा व सविस्तर केला होता, तो आपणहि करावा. “पाणी आहे” एवढ्यानें समाधान मानूं नये. कोणाच्या मालकीचें, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि योजनेंतील सर्व घरें भरलीं तर माणशीं किती, हें विचारावें. उत्तर एप्रिलच्या शेवटीं स्वतः जाऊन पडताळावें.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. येथें डोंगराच्या पायथ्यापेक्षांहि निसरडें आहे. महाबळेश्वर, पांचगणी व माथेरान येथील कित्येक जुन्या बंगल्यांच्या जागा सरकारी भाडेपट्ट्यानें दिलेल्या आहेत. अशा ठिकाणीं विकत मिळतें तें पट्ट्याचें उरलेलें आयुष्य. जमिनीची मालकी नव्हे. पट्टा केव्हां संपतो, नूतनीकरण झालें आहे काय, अटींचा भंग झाल्याबद्दल नोटीस आहे काय, आणि हस्तांतरणास परवानगी लागते काय, हें पाहिल्यावांचून बोलणींच करूं नयेत.

गांवाच्या हद्दींतील जमिनीस सातबाराचा उतारा असतो. तो स्वतः वाचावा. भोगवटादार वर्ग एक कीं दोन, हें त्यावर लिहिलेलें असतें. वर्ग दोनच्या जमिनीचें हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून होत नाहीं. इतर हक्कांच्या रकान्यांत कूळ, बँकेचा बोजा, रस्त्याचा हक्क यांची नोंद सांपडते. तेथें ‘खासगी वन’ असा शेरा दिसल्यास तत्काळ थांबावें. १९७५ च्या खासगी वनें संपादनाच्या कायद्याचा तो परिणाम असूं शकतो आणि अशी जमीन शासनाची ठरण्याचा संभव असतो. आदिवासी खातेदाराची जमीन तर जमीन महसूल संहितेनें विशेष संरक्षित आहे. शेतजमीन घ्यावयाची असेल तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाहीं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. “दोन गुंठे घ्या, पुढें सर्व होईल” असें म्हणणारे भेटतात. पण तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे, आणि अकृषिक वापराचेहि नियम आहेत. या दोहोंत वेळोवेळीं दुरुस्त्या होतात. म्हणून ऐकीव माहितीवर न जातां त्या दिवशींचा नियम तहसील कचेरींत विचारावा. जागेची सरकारी मोजणी करवून हद्दीचे दगड डोळ्यांनीं पाहावे. किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. आणि तो वकील विक्रेत्यानें सुचविलेला नसावा.

याशिवाय एक मोठें बंधन आहे. केंद्र सरकारनें १७ जानेवारी २००१ रोजीं महाबळेश्वर-पांचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. माथेरानसाठीं तशीच अधिसूचना ४ फेब्रुवारी २००३ रोजीं निघाली. झाडें तोडणें, तीव्र उतारावर बांधणें, भूजल उपसणें, जमिनीचा वापर बदलणें, या सर्वांवर तेथें निर्बंध आहेत. कोणी यास अडचण म्हणतात. माझ्या मतें ज्या गार हवेसाठीं आपण तेथें जातों, तिचे हे पहारेकरी आहेत. पण घर घेणाऱ्यास याचा अर्थ स्पष्ट असावा : नियमाबाहेर बांधलेलें घर स्वस्त मिळालें तरी तें पाडण्याची नोटीस विक्रेत्यास येत नाहीं, ती मालकास येते.

पांचवी गोष्ट योजनांची. एकट्यादुकट्या घरापेक्षां आजकाल सर्व सुखसोयींनीं युक्त अशा वसाहतींचा बोलबाला आहे. २०१६ च्या केंद्रीय कायद्यान्वये स्थापन झालेलें प्राधिकरण, ज्यास सर्वत्र महारेरा म्हणतात, १ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत काम पाहत आहे. या कायद्याप्रमाणें नोंदणीकृत करार झाल्याखेरीज विकसकास किंमतीच्या शेंकडा १० हून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. खरेदीदारांच्या पैशांपैकीं शेंकडा ७० भाग जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवावा लागतो. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष दिसल्यास तो दुरुस्त करून देणें विकसकाचें कर्तव्य आहे. परंतु जागा ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ति नाहीं. डोंगरावरच्या लहान योजना पुष्कळदां याच मापांत बसतात, हें ध्यानांत ठेवावें. नोटरीपुढें केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे, हेंहि विसरूं नये. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदविल्याखेरीज मालकी येत नाहीं.

योजना मोठी असली म्हणजे निर्धोक असते, असेंहि नाहीं. पुणें जिल्ह्यांत मोसे खोऱ्यांत लवासा हें नवें गिरिनगर उभें राहूं लागलें तेव्हां त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें तेथील काम थांबविण्याची नोटीस काढली. वर्षभरानें सशर्त परवानगी मिळाली. परंतु आर्थिक ओढाताण संपली नाहीं आणि ऑगस्ट २०१८ मध्यें कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें दाखल झालें. ज्यांनीं घरासाठीं पैसे भरले होते ते धनकोंच्या रांगेंत जाऊन उभे राहिले. घर मिळण्यासाठीं दिलेला पैसा कर्जाच्या वसुलीसारखा मागावा लागणें, यासारखी हौशीची विटंबना दुसरी नाहीं. बांधकामाच्या गुणाविषयीं सांगावयाचें तर दूर जाण्याचें कारण नाहीं. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड शहरांत एक पांच मजली इमारत कोसळून सोळा माणसें दगावलीं. त्या इमारतीस दहा वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं. नवेंपण ही मजबुतीची हमी नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र आणि स्वतः नेमलेल्या अभियंत्याचा अहवाल, या दोन गोष्टींवांचून ताबा घेऊं नये.

आतां पाटीवरचें गणित. समजा, घर साठ लाखांचें आहे. हीच रक्कम शेंकडा ७ व्याजानें ठेवली असतां वर्षास ४,२०,००० रुपये येतील. राखणदार, वीज, कर, दर पावसाळ्यापूर्वींची आगोटीची डागडुजी आणि नंतरची साफसफाई मिळून वर्षाचे ८०,००० धरूं. एकूण पांच लाख झाले. एकत्र कुटुंब वर्षांतून वीस दिवस तेथें राहिलें, तर प्रत्येक दिवस २५,००० रुपयांस पडला. त्या रकमेंत सर्व मंडळी चांगल्या ठिकाणीं उतरून, आयतें जेवून, निर्धास्त परत येऊं शकतात. घराची किंमत वाढेल, असें यावर उत्तर येतें. वाढेलहि. पण वाढलेली किंमत गिऱ्हाईक मिळाल्यावरच हातांत येते, आणि घाटमाथ्यावरचें घर गरजेच्या वेळीं महिन्याभरांत विकलें जाईल याची खात्री कोणीं द्यावी? भाड्यानें देण्याचा विचार असेल तर तें उत्पन्न केवळ हंगामाचें आहे, आणि त्याच हंगामांत आपल्यालाहि तें घर हवें असतें, हें विसरतां कामा नये.

सर्वांत नाजुक गोष्ट शेवटीं घेतों, कारण ती घराच्या आंतली आहे. पत्रलेखकांनीं तिघां भावांचा उल्लेख केला; बहिणी आहेत कीं नाहींत, हें लिहिलें नाहीं. त्या असतील तर वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्यांत त्यांचाहि हिस्सा आहे. हिंदु उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आली आणि कन्या ही पुत्राप्रमाणेंच जन्मतः सहदायाद झाली. त्या दिवशीं वडील हयात होते किंवा नव्हते यानें फरक पडत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. पतीच्या पश्चात् त्याच्या वांट्यांत मातोश्रींचाहि भाग असतो. तेव्हां “पैसेहि जाऊं नयेत” असें त्या म्हणतात, तो केवळ वृद्धेचा भित्रेपणा समजूं नये. तें एका हिस्सेदाराचें मत आहे, आणि तें मोजलेंच पाहिजे. बहिणींस न विचारतां त्या पैशांतून घर घेतलें, तर उन्हाळ्यांत एकत्र जमण्यासाठीं घेतलेलें घरच कुटुंब दुभंगण्यास कारण होईल.

हाच कायदा विकणाऱ्यासहि लागू आहे. आमच्या कोंकणपट्टींत एका सातबारावर दहा-पंधरा नांवें सहज असतात. एक भाऊ गांवीं, दोन मुंबईस, बहिणी सासरीं. गांवांतला भाऊ अत्यंत प्रामाणिक असला तरी त्याच्या एकट्याच्या सहीनें सर्वांची जमीन मिळत नाहीं. सर्व वारसांच्या सह्या झाल्याशिवाय विसारहि देऊं नये.

आणि घर घेतलेंच, तर तें कोणाच्या नांवावर, खर्च कोण व किती उचलणार, दिवाळींत कोण जाणार आणि मे महिन्यांत कोण, एकास आपला हिस्सा काढून घ्यावयाचा झाल्यास किंमत कशी ठरवावयाची, हें आरंभींच कागदावर लिहून सर्वांनीं सही करावी. भावांमध्यें लेख कशाला, असें मनांत येईल. परंतु प्रेम आहे तोंवर केलेला लेख प्रेम राखतो. प्रेम आटल्यावर केलेला लेख कोर्टांत जातो. शिवाय पुढच्या पिढीचाहि विचार व्हावा. मुलें बंगळुरास किंवा परदेशीं गेल्यावर डोंगरावरच्या बंद घराची किल्ली वारसा म्हणून त्यांच्या हातीं ठेवणें, हें त्यांस सुख देणें होईल कीं ओझें, हा प्रश्न त्यांनाच विचारावा.

इतकें सारें वाचून कोणी म्हणेल कीं, हा लेखक घर घेऊंच नका असें सांगतो. तसें नाहीं. ज्यास सेवानिवृत्तीनंतर खरोखरच बाराहि महिने तेथें राहावयाचें आहे, ज्याची प्रकृति धडधाकट आहे, ज्याची पुंजी या घराखेरीजहि शिल्लक उरते, आणि जो त्या गांवाचें पाणी गांवकऱ्यांइतक्याच जपणुकीनें वापरील, त्यानें अवश्य घ्यावें. सह्याद्रीच्या माथ्यावर पहांट पाहण्याचें भाग्य थोडें नाहीं. वर्षांतून वीसच दिवस जाणाऱ्यानें मात्र पाहुणाच राहावें. पाहुणेपणांतहि मोठें सुख आहे आणि त्यास सातबारा लागत नाहीं.

ज्यांचा निश्चय होत नसेल त्यांनीं या वर्षीं विसार देऊं नये. त्याऐवजीं आषाढांतील एका आठवड्याचें भाडें द्यावें आणि कुटुंबांतील थोरामोठ्यांसह तेथें जाऊन राहावें. सात दिवस ढगांत, ओलसर अंथरुणांत, कंदिलाच्या उजेडांत काढल्यावर आठव्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना सर्वांस पुन्हां विचारावें. त्या वेळीं जें उत्तर येईल तें खरें मानावें.